दाण्याची शिक्षा डाळीला

ताई, नमस्कार.
माझा मुलगा चार वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी सोलापूरला सासरी गेलो होतो, तिथे त्यानं भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एरवी कूट घातलेली भाजी तो थुंकून टाकायचा, आम्हाला वाटायचं नखरे करतोय. चटणी खाल्ल्यावर दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, खोकला आणि उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं तेव्हा उतार पडला. पुण्याला आल्यावर ओळखीतून एका लॅबमध्ये रक्ताचं मोठं पॅनेल करून घेतलं. शेंगदाणा खूप जास्त आला, शिवाय हरभरा, मूग, मसूर, वाटाणा आणि सोयाबीन यांच्यापुढेही पॉझिटिव्ह. लॅबमधल्या माणसानं सांगितलं, हे सगळं एकाच कुळातलं, सगळी द्विदल धान्यं बंद करा. तेव्हापासून वरणसुद्धा बंद आहे. सोयाबीन सोडलं तर या डाळी तो आधी आवडीनं खायचा. फक्त मसुराच्या आमटीनं दोनदा तोंडाभोवती लाल झालं होतं. वजन अर्धा किलो उतरलंय. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हती ही थेरं. धाकटी सात महिन्यांची आहे, तिला दाणे कधीच द्यायचे नाहीत असं ठरवलंय. आमचं काही चुकतंय का? आणि तेलाचं काय करायचं? आम्ही घाण्याचं शेंगतेल वापरतो.
– एक आई, पुणे

तुमचं पत्र वाचलं. आधी उत्तरं देते, कारणं मागाहून सांगते. दाणे बंद केलेत, अगदी बरोबर. सगळ्या डाळी बंद केल्यात, ते बहुधा चुकलं. धाकटीबद्दल ठरवलंय ते नेमकं उलटं आहे. आणि घाण्याच्या तेलाचा डबा हे वाचून झाल्यावर लगेच स्वयंपाकघरातून हलवा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला दोनदा वाचावी लागली. रिपोर्टात हरभरा आहे, मूग आहे, मसूर आहे. तूर कुठेच नाही. लॅबनं तूर तपासलेलीच नाही आणि तरी पोराचं वरण बंद! म्हणजे न केलेल्या चाचणीची शिक्षा तो तीन महिने भोगतोय. लॅबमधला माणूस नळ्या आणि आकडे सांभाळतो, त्याचं काम तेवढंच. मुलानं काय जेवायचं हे त्याला विचारायचं नसतं.

आता ते पॉझिटिव्ह म्हणजे काय, ते बघू. रक्तात त्या त्या धान्याच्या प्रथिनाला चिकटणारी आयजीई नावाची प्रतिद्रव्यं सापडली, एवढाच त्याचा अर्थ. ती चिकटल्यावर शरीर बिथरेलच असं नाही. द्विदलांच्या बियांमध्ये कोंबासाठी साठवून ठेवलेली प्रथिनं असतात आणि त्यांची ठेवण एकमेकांसारखी असते. शेंगदाण्यातल्या अशा प्रथिनांना अ‍ॅरा एच १, अ‍ॅरा एच २, अ‍ॅरा एच ३ अशी नावं दिलेली आहेत. त्यातल्या पहिल्याचे आणि तिसऱ्याचे भाऊबंद वाटाण्यात, मसुरात, सोयाबीनमध्ये सापडतात. दाण्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं चाचणीच्या नळीत त्यांनाही थोडी चिकटतात. गावात एकानं चोरी केली की त्याच आडनावाच्या सगळ्यांना चावडीवर बोलवावं, तसा हा प्रकार. बोलावलेल्यांतला एखादा खरोखर सामील निघतोही, पण सरसकट सगळ्यांना कोठडीत टाकत नाहीत.

हे तपासून पाहिलेलं आहे. १९८९ साली अमेरिकेत द्विदलांना त्वचाचाचणी पॉझिटिव्ह आलेल्या ६९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बऱ्याच जणांची चाचणी एकाहून अधिक द्विदलांना पॉझिटिव्ह होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष खायला दिलं, तेव्हा एकापेक्षा जास्त द्विदलांचा त्रास होणारी मुलं निघाली दोन. म्हणूनच जाणते डॉक्टर 'दाणे बाधतात ना, मग सगळ्या डाळी सोडा' असं सांगत नाहीत.

म्हणून डाळींची अ‍ॅलर्जी नसतेच असंही समजू नका. अमेरिकेतली मुलं दाणे आणि सोयाबीन खातात, आपली मुलं बेसन खातात. मुंबईच्या डॉक्टरांनी हरभऱ्यामुळे आलेल्या तीव्र अ‍ॅलर्जीच्या नोंदी १९९७ सालीच प्रसिद्ध केल्या होत्या. स्पेनमध्ये मसूर भरपूर खातात, तिथे लहान मुलांत मसुराची अ‍ॅलर्जी नेहमी दिसते. ज्या मुलखात जे ताटात, तेच तिथल्या पोरांना बाधतं. पण ती त्या त्या डाळीची स्वतःची अ‍ॅलर्जी असते, दाण्याच्या मागून आपोआप येत नाही.

कूळ एक म्हणतात, पण ते कूळ केवढं मोठं! चिंच त्याच कुळातली, बाभूळ त्यातलीच, ज्येष्ठमधही. त्या गोतावळ्यात भुईमूग बसतो तो शिसवीच्या पंगतीत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तो तुरीपेक्षा शिसवीला जवळचा. मूग, उडीद, तूर, चवळी, सोयाबीन ही वेगळी फांदी. मसूर, वाटाणा आणि हरभरा ही तिसरी, आणि या तिघांचं आपापसांत सख्य दाट आहे, मसूर-वाटाण्याचं तर फारच.

म्हणून मला तुमच्या पत्रातलं मसुराचं वाक्य सगळ्या रिपोर्टापेक्षा मोलाचं वाटतं. दोनदा खाल्लं आणि दोन्ही वेळा तोंडाभोवती लाली आली. कदाचित आमटीतल्या तिखट-आंबटानं असेल, लहान मुलांची कातडी नाजूक असते. कदाचित आमटीला कुटाचा हात लागला असेल. पण खरंच मसूरही असू शकतो. मसूर बंदच ठेवा. मसूर खरा निघाला तर वाटाणा आणि हरभरा यांच्याबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोलावं लागेल. तूर आणि मूग ज्या मुलानं वर्षानुवर्षं काही न होता खाल्लेत, त्याच्या बाजूनं ते खाणं हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे.

मात्र हे वाचून आज रात्री कुकर लावू नका. तीन महिने डाळ बंद आहे. जी गोष्ट मूल नेमानं खाऊन पचवत होतं, ती चाचणी पॉझिटिव्ह असताना बरेच दिवस तोडली, तर क्वचित नंतर तीच बाधते. शिवाय चटणी खाल्ल्यावर त्याला खोकला आला होता. दम्याची प्रवृत्ती आहे का, हेही बघायला हवं. अ‍ॅलर्जीचं काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि जाताना एक कागद न्या. कोणती डाळ, शेवटची कधी खाल्ली, किती खाल्ली आणि खाल्ल्यावर दोन तासांत काय झालं, हे सगळं त्यावर लिहा. उसळ, धिरडं, फुटाणे, डाळवं, ढोकळा, इडली, भाजणीचं थालीपीठ, आठवेल ते सगळं. इडलीत उडीद असतो आणि भाजणीत तीन-चार डाळी असतात, हे अनेकदा आईच्याही लक्षात नसतं. कोणती डाळ घरी सुरू करायची आणि कोणती दवाखान्यात बसवून, थोडी थोडी वाढवत द्यायची, हे त्या कागदावरून डॉक्टर ठरवतील. त्या खायला देऊन पाहण्याच्या चाचणीइतकं खरं उत्तर दुसरी कुठलीच चाचणी देत नाही. आणखी कुणी आयजीजी नावाच्या दुसऱ्या प्रतिद्रव्यांचं पॅनेल करा म्हणालं, तर पैसे वाचवा. आयजीजीवरून अन्नाची अ‍ॅलर्जी ठरवता येत नाही.

तोवर पोटाचं बघू. चार वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीतून त्यातली साडेसहा-सात ग्रॅम मिळायची. तुमच्या ताटातून ती गेली आणि त्या जागी बहुधा नुसता तूप-भात आला, वजन उतरेल नाहीतर काय! दूध, दही, पनीर त्याला चालतं ना? अंडं खात असेल तर रोज एक द्या. मासे खाणारं घर असेल तर प्रश्नच मिटला. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवा. बाजारातल्या प्रोटीन पावडरच्या वाटेला मात्र जाऊ नका; त्यात वाटाण्याचं किंवा सोयाबीनचं प्रथिन घट्ट करून घातलेलं असतं. वाटीभर मटार उसळ पचवणाऱ्या माणसालाही त्या घट्ट मालाचा त्रास झाल्याची उदाहरणं आहेत.

दाण्याशी खरोखर संगनमत असलेले त्याच कुळातले दोघे वेगळेच आहेत, आणि तुमच्या रिपोर्टात त्यांचं नाव नाही. पहिली मेथी. नॉर्वेत दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या रक्तात मेथीलाही चिकटणारी प्रतिद्रव्यं सापडली, तेव्हा करी मसाल्यांकडे तिथल्या संशोधकांचं लक्ष गेलं. आपल्याकडे मेथीदाणा फोडणीत, लोणच्यात, मेतकुटात सगळीकडे असतो. तुमच्याकडे सात महिन्यांचं बाळ आहे, म्हणजे मेथीचे लाडू अलीकडेच होऊन गेले असणार. मुलानं त्यातला तुकडा खाल्ला होता का? खाऊन काही झालं नसेल तर कागदावर तेही लिहा. खाल्लाच नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथीचा लाडू देऊ नका. फोडणीतले चार दाणे तो रोज पचवत असेल, तर ते बंद करायची घाई नको.

दुसरा लुपिन. आपल्याकडे हे कडधान्य कुणी खात नाही, पण युरोपात त्याचं पीठ पावात, बिस्किटांत, पास्त्यात घालतात. दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते बाधण्याचं प्रमाण इतर द्विदलांपेक्षा बरंच जास्त आहे, म्हणून तिथे २००६ सालच्या नियमानं ते वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं. कुणी नातेवाईक तिकडून खाऊ घेऊन आले, तर पुडा उघडण्याआधी पाठची बाजू वाचायची, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

काजू-बदाम या कुळातले नव्हेतच. तरी दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना एखाद्या सुक्यामेव्याचीही असते, आणि काजू-पिस्त्याची जोडी तर पक्की आहे. आधी खाऊन झालं असेल तर घरात फोडलेला काजू चालू ठेवा. हलवायाकडची काजूकतली नको. स्वस्त कतलीत दाणे मिसळलेले असतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

आता तेल. १९९७ साली इंग्लंडमध्ये दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६० प्रौढांना दोन्ही तऱ्हेची तेलं देऊन पाहिली. रिफाइंड शेंगतेलाचा त्रास कुणालाच झाला नाही. कच्च्या, न शुद्ध केलेल्या तेलाचा सहा जणांना झाला. कारण सरळ आहे. रिफाइंड करताना प्रथिन जवळजवळ सगळं निघून जातं आणि घाण्याच्या तेलात ते राहतं. ज्या गाळाच्या वासासाठी आपण लाकडी घाण्याचे जास्त पैसे मोजतो, त्यातच ते असतं. 'मग घाण्याचं करडईचं तेल आणू का?' असा तुमचा पुढचा प्रश्न असेल, कारण सोलापूरकडे तेही चालतं. नको. त्याच घाण्यात सकाळी शेंगा गाळलेल्या असतात. वेष्टनबंद रिफाइंड सूर्यफूल किंवा करडई घ्या आणि विषय संपवा.

खरी कसरत तेलानंतर सुरू होते. मराठी स्वयंपाकघरात दाण्याचा कूट मिठासारखा असतो. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत, अळूच्या फतफत्यात, ठेच्यात, संक्रांतीच्या गूळपोळीत. चतुर्थीला तर घरात दुसरं काही शिजतच नाही. माझ्या मते अशा घरात 'त्याचं वेगळं करू' हे फार दिवस टिकत नाही. वर्षभर तरी कूट घराबाहेर ठेवा. भाजीला ओलं खोबरं घाला, उपासाला वरईबरोबर बटाट्याची भाजी करा. मिक्सरचं भांडं बदला, कारण झाकणाच्या रबरात अडकलेला कूट कितीही धुतलं तरी निघत नाही. खलबत्त्याचंही तेच. बाहेर दाणे खाऊन आलेल्यानं साबणानं हात धुवायचे; नुसतं पाणी किंवा सॅनिटायझर चालत नाही, दाण्याचं प्रथिन त्यानं हाताला तसंच राहतं, हे मोजून पाहिलेलं आहे. दाणे भाजल्याच्या नुसत्या वासानं सहसा काही होत नाही, वासात प्रथिन नसतं. कूट दळताना उडणारी धूळ मात्र वेगळी, तेव्हा मूल शेजारच्या खोलीत असू दे.

'उकडलेल्या शेंगा दिल्या तर?' असं कुणीतरी म्हणेलच. दाणे कोरडे भाजल्यानं त्यांचा बाधकपणा वाढतो आणि उकडल्यानं थोडा कमी होतो, हे खरं आहे. पण थोडा कमी म्हणजे निर्धोक नव्हे. त्याला उकडलेलीही शेंग नको.

पाकिटावरच्या मजकुराचं थोडं सांगते. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे शेंगदाणा आणि सोयाबीन हे अ‍ॅलर्जीचे घटक म्हणून वेगळे छापावे लागतात; मसूर, हरभरा, मेथी त्या यादीत नाहीत. सुट्या फरसाणाला आणि भेळेला तर कसलंच लेबल नसतं. सुटं बेसनही घेऊ नका, त्यात वाटाण्याचं पीठ सर्रास मिसळतात. हरभऱ्याला परवानगी मिळाली की डाळ आणून गिरणीतून दळून घ्या, आणि गिरणीवाल्याला आधी काय दळलंय ते विचारा.

इंजेक्शनबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत. मला ते सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या दिवशी मांडीत दिलं ते बहुधा अ‍ॅड्रेनलिन असणार, आणि पुढच्या वेळी सोलापूरच्या त्या दवाखान्याइतकं जवळ कुणी नसेल. कागदावर आधीच लिहून घ्या, वजनाप्रमाणे किती द्यायचं, कुठे टोचायचं, कधी टोचायचं. परदेशासारखं दाबून टोचायचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून पर्याय म्हणून डॉक्टर अँपूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, आणि सिरिंज देतात. ती भरायची कशी, हे तुम्ही, नवरा आणि सासूबाई, तिघांनीही डॉक्टरांसमोर करून बघा. नुसत्या गांधी आल्या तर अ‍ॅलर्जीचं सिरप ठीक. गांधींबरोबर खोकला, घरघर, आवाज बसणं, उलट्यांवर उलट्या, अंग ढिलं पडणं यातलं काही दिसलं, तर सिरपची वाट बघायची नाही. अ‍ॅड्रेनलिन आधी, मग १०८ला फोन. मूल आडवं ठेवा, पाय उंच करा. धाप असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. पण कडेवर उभं धरून धावत सुटू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. याचीच एक प्रत बालवाडीच्या बाईंकडे द्या.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. पूर्वी बाळाच्या मऊ भातात कुटाची चिमूट लवकर पडायची. मधली काही वर्षं अनेक देशांत उलटा सल्ला दिला गेला, दाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नका. मग लंडनमधल्या संशोधकांना दिसलं की तिथल्या ज्यू मुलांत दाण्याची अ‍ॅलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांच्या दहापट आहे. इस्राएलमध्ये बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात. त्यावरून त्यांनी तीव्र एक्झिमा (खाजरा इसब) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या, चार ते अकरा महिन्यांच्या ६४० बाळांवर प्रयोग केला. निम्म्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत नेमानं दाणे खायला दिले, निम्म्यांना अजिबात नाही. २०१५ साली निकाल आला. न खाणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांत ३.२ टक्क्यांना.

म्हणून धाकटीचं लगेच बघा. तिला अंगावर जोरदार एक्झिमा असेल किंवा अंडं बाधत असेल, तर आधी तपासणी. नसेल तर डॉक्टरांना विचारून, शेंगदाण्याचं मऊ वाटण किंवा साधं पीनट बटर कोमट पाण्यात पातळ करून सुरू करा. हळूहळू सपाट दोन छोटे चमचे, आठवड्यातून तीनदा, खंड न पडता. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, तो श्वासनलिकेत जातो. घरात भाऊ आहे म्हणून हे तो बालवाडीत असताना करा, एका ठरलेल्या वाटी-चमच्यानं, आणि नंतर तिचं तोंड, हात, पाट सगळं साबणानं पुसा. वर्षभर कूट घराबाहेर ठेवायचा आणि एक बाटली आत, हे विचित्र वाटेल, पण बाटली वरच्या फळीवर राहू शकते, कूट राहत नाही.

तुमच्या मुलाचं विचाराल, तर दाण्याची अ‍ॅलर्जी साधारण पाचांतल्या एका मुलाची मोठेपणी जाते. दर वर्षी डॉक्टरांकडून अंदाज घ्या, घरी चाखवून बघू नका.

सोलापूरला पुन्हा जालच. जाताना त्याचा तवा, कढई आणि तेलाची बाटली बरोबर न्या, इंजेक्शनचं पाकीट पर्समध्ये ठेवा, गाडीच्या डिकीत नको. निघताना कुणीतरी प्रेमानं अर्धा किलो चटणी बांधून देईल. ती बसस्टँडवर भेटेल त्या पहिल्या सोलापूरकराला देऊन टाका.